उजवीकडचं दार

आमच्या घरात त्या अपघाताची गोष्ट शंभरदा सांगून झाली आहे. पाहुणे आले, चिवड्याच्या बशा पुढे आल्या, की हे सुरू करतात. मी मात्र ती गोष्ट आजवर एकदाही कोणाला सांगितलेली नाही. हे बोलायला लागले की मी चहा ठेवायला उठते. लोकांना वाटतं, बिचारीला अजून सहन होत नाही. वाटू दे.

आज सांगते. रडत वगैरे नाही मी — तेवढा गैरसमज नको. रडू आलं असतं तर फार आधीच बोलून मोकळी झाले असते.

मी नर्स. सात वर्षं कुवेतच्या दवाखान्यात काढली. हे इकडे नागपुरात, सीताबर्डीवर यांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान. मुलगी यांनी आणि सासूबाईंनी मोठी केली. मी पैसे पाठवायचे आणि वर्षातून एकदा यायचे. ऐंशीच्या आसपास कायमची परतले, तेव्हा दोन वस्तू आणल्या. यांच्यासाठी दोन वेगळ्या स्पीकरांचा टेपरेकॉर्डर, आणि स्वतःसाठी माझी गाडी. जपानी, क्रीम रंगाची, स्टेअरिंग डावीकडे. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात ना, म्हणून.

टेपरेकॉर्डर पाहून हे लहान पोरासारखे खूश झाले. दोन्ही स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवायचे, मधोमध खुर्ची टाकायची आणि डोळे मिटून बसायचे. ‘‘इकडून तबला येते वं, अन् तिकडून पेटी.’’ मलाही बसवायचे त्या खुर्चीत. मला काही फरक कळायचा नाही. मी आपली हो म्हणायचे.

गाडीचं मात्र सोपं नव्हतं. विमा नाही तर पासिंग नाही, आणि डावीकडच्या स्टेअरिंगच्या गाडीचा विमा करायला कोणी तयार नव्हतं. त्यातून चालवणार बाई! लायसन्स मी इथे परत परीक्षा देऊन काढलं, ते ठीक. पण सात वर्षं गाडीला काही झालं नाही, हे सांगणारं कुवेतचं पत्र होतं अरबीत. ते घेऊन आम्ही मोमिनपुऱ्यातल्या एका मौलवींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून एकेक ओळ वाचली, हिंदीत उतरवून दिली. ‘या बाईने सात वर्षांत एकदाही भरपाई मागितलेली नाही.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘बहुत संभल के चलाती हैं आप.’’ मी मान ताठ करून बसले होते. हो, गर्व होता मला. कबूल करायलाच बसले आहे तर तोही करते.

विमा ऑफिसातले साहेब भले गृहस्थ होते. गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, ‘‘बाई, पुढे ट्रक असला तर डावीकडे बसून तुम्हाला काय दिसणार? ट्रकचं बूड! ओव्हरटेक कसं कराल?’’

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, ‘‘मी बसीन न साहेब उजवीकडं. रस्ता मोकळा असला का सांगत जाईन तिले.’’

साहेबांनी तसं यांच्याकडून लिहून घेतलं. कोणता नियम होता की त्यांचं स्वतःचंच डोकं, कोण जाणे. हे गाडीत उजवीकडे बसतील आणि पुढचा रस्ता पाहून सांगतील — खाली यांची सही. फॉर्मवर माझा धंदा वाचून साहेब हसले. ‘‘नर्स? मग काय! कोणाला लागलंच, तर तुम्ही आहातच.’’

हे वाक्य मी विसरू शकले असते तर बरं झालं असतं.

पुढचे सात-आठ महिने मजेत गेले. हे उजवीकडे बसायचे, कोपर खिडकीबाहेर. बघणाऱ्याला वाटायचं हेच चालवत आहेत. व्हेरायटी चौकात बाजूला बस येऊन थांबली की हे दोन्ही हात वर करायचे. बसमधले लोक घाबरायचे — अरे बापरे, याच्या गाडीला स्टेअरिंगच नाही! हे पोट धरून हसायचे. दुकानावर यांना मित्र चिडवत, ‘‘काहून गा, बायको ड्रायव्हर अन् तू क्लीनर?’’ हे म्हणत, ‘‘क्लीनर त क्लीनर. फुकटात फिरून राहिलो न.’’ एवढा साधा माणूस. दुसरा असता तर गाडी विकायला लावली असती मला.

आता तो दिवस.

मौद्याला नणंदेच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. सकाळची वेळ, उन्हं तापायला लागलेली, मागच्या सीटवर ओल्या फडक्यात गुंडाळलेले हार. उशीर झाला होता — माझ्यामुळेच. भंडारा रोडवर पुढे तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ट्रक. सगळीकडून तणीस लोंबत होतं, काही म्हणता काही दिसेना. दोनदा मी गाडी बाहेर काढायला पाहिली, दोनदा हे म्हणाले, थांब. तिसऱ्यांदाही म्हणाले. ‘‘थांब वं.’’

ऐकू आलं मला. अगदी नीट ऐकू आलं. हे लोकांना सांगतात, ‘‘माझंच चुकलं, मले सायकल दिसलीच नाही.’’ खोटं आहे. त्यांना दिसली होती. मलाच राग आला होता. कशाचा? सात वर्षं परक्या मुलखात एकटीने गाडी चालवली, आणि आता यांनी मला थांब म्हणायचं? बस, एवढंच. एवढ्याशा रागात मी गाडी बाहेर काढली.

समोरून सायकलवर एक म्हातारा. मागे गवताचा भारा. ब्रेक मारला, तरी उजवा मडगार्ड लागलाच. भारा एकीकडे, सायकल एकीकडे, माणूस रस्त्याच्या कडेला. ट्रक निघून गेला. आमची गाडी जागच्या जागी बंद पडली.

बाजूलाच चहाची टपरी, एसटीची वाट पाहणारे लोक. धावत आले. आणि कुठे आले? उजवीकडच्या दाराशी. ड्रायव्हर उजवीकडेच असतो ना? बाई गाडी चालवत असेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दार उघडलं, यांची कॉलर धरली.

मी स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

बघा — हे मी केलं. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप खाली आले असं म्हणता येईल, पण तसं नव्हतं. मी ते काढले. यांना ओढताना यांनी एका हाताने सीट धरून ठेवली होती, आणि यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहत होते. किती वेळ? नाडीचे दोन ठोके पडतील एवढा. मग यांचा हात सुटला. मी मान सीटवर टाकली आणि डोळे मिटले.

बेशुद्ध माणूस कसा पडतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तोंड किंचित उघडं, बोटं सैल, श्वास संथ. तसं सगळं केलं मी. ‘‘बाईले हात लावू नका रे, बेहोश झाली,’’ कोणीतरी म्हणालं. माझ्या तोंडावर पाणी मारलं. मी पापणीसुद्धा हलवली नाही.

आणि ऐकत राहिले. चपलांचे आवाज येत होते. हे ओरडत नव्हते. एकदाच ‘‘अरे भाऊ, अरे भाऊ’’ म्हणाले. ‘‘मी नाही, ते चालवून राहिली होती’’ — एवढं म्हणायला काय लागत होतं? नाही म्हणाले. दुसरीकडून म्हातारा कण्हत होता. तो आवाज मी ओळखला, मांडीचं हाड मोडलं की माणूस तसा कण्हतो. पाय कसा सरळ धरायचा, कशाने बांधायचा, सगळं माहीत होतं. गाडीत ओढणी होती, सायकलचा पंप समोर पडला असेल. मी पडून राहिले. नर्स मी.

भीती वाटली म्हणावं, तर तेव्हा भीतीसुद्धा नीटशी वाटत नव्हती. आतून सगळं बधिर झालं होतं. ते अजून तसंच आहे.

हवालदार आला तेव्हा मी डोळे उघडले. हळूहळू उघडले, शुद्धीवर येणारे उघडतात तसे. त्याने लायसन्स मागितलं, आणि मी पर्समधून माझं काढून दिलं. ‘‘म्हणजे बाई चालवून राहिल्या होत्या?’’ एक जण हातातली चप्पल खाली टाकून पाय त्यात सरकवत होता. हे रस्त्यावर बसलेले, डाव्या कानावर हात, बोटांतून रक्त येत होतं. हवालदाराने विचारलं, ‘‘मग तुम्ही बोलले काहून नाही?’’ त्यावर हे म्हणाले, ‘‘बोलू कुठं देलं साहेब? अन् ते तं बेहोश झाली होती.’’

मी त्याआधी एक शब्दही बोलले नव्हते. बेशुद्ध होते असं मी कोणाला सांगितलंच नव्हतं. ते यांनीच सांगितलं. मी फक्त मान हलवली.

त्या म्हाताऱ्याला विम्यातून भरपाई मिळाली. पाय जुळला, पण लंगडत चालायचा. विम्याच्या फॉर्मवर एक प्रश्न होता — जखमीस चालकाने कोणती मदत केली? मी पेन घेऊन बसले होते. हे समोर, कानाला पट्टी. ‘‘लिही न,’’ म्हणाले, ‘‘बेहोश होती म्हणून.’’ मी लिहिलं. खाली सही केली. त्याच भल्या साहेबांनी तो फॉर्म वाचला आणि म्हणाले, ‘‘जाऊ द्या बाई, तुमचा काय इलाज होता?’’

यांचा डावा कान गेला तो गेलाच. गाडीत माझ्या बाजूला जो असायचा, तोच. गाडी विकेपर्यंत हे उजवीकडेच बसत होते, सही केलेली ना! थांब, जा, सगळं सांगायचे, आणि मी ऐकायची. फक्त आत बसल्या बसल्या पहिल्यांदा दाराची खिट्टी दाबायचे. खट्. हात वर करायचा खेळ बंद झाला होता. घरी दोन्ही स्पीकर आता एकाच कोपऱ्यात, एकावर एक ठेवलेले आहेत. दुकानात गिऱ्हाइकाचा टेपरेकॉर्डर तपासताना हे खुर्ची फिरवून बसतात, आधी एका स्पीकरकडे, मग दुसऱ्याकडे.

पण गोष्ट सांगतात मात्र रंगवून! मारणारे आधी सात-आठ होते, आता पंधरा झाले आहेत. आणि शेवट ठरलेला — ‘‘बिचारी बेहोश झाली होती म्हणून, नाही तं एकेकाले सरळ केलं असतं तिनं.’’ लोक हसतात.

यांनी माझे उघडे डोळे पाहिले होते, हे मला माहीत आहे. यांना आठवतं का, ते माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

मागच्या रविवारी मुलीच्या सासरचे आले होते. यांची गोष्ट झाली. विहीणबाईंनी सहज मला विचारलं, ‘‘वैनी, तुमाले त्यातलं काहीच आठवत नाही?’’

मी उठतच होते. हे नेहमी माझ्या आधी उत्तर देतात. त्या दिवशी दिलं नाही. हातातली बशी खाली ठेवली, आणि सगळी मान वळवून चांगला कान माझ्याकडे केला.



‘‘नाही,’’ मी म्हटलं. आणि चहा ठेवायला गेले.