अंगण झाडून होईपर्यंत

"आधी बोलून दाखवा," बाई म्हणायच्या आणि हातातली सोल्डरगन खाली ठेवायच्या. काय करायचंय ते तोंडाने सांगता येईपर्यंत वायरीला हात लावू द्यायच्या नाहीत.

महाडच्या बाजारात त्यांचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. तुम्ही कधी तिथे पंखा टाकला असेल, तर कपाळावर दुसरा चष्मा चढवलेली बाई आठवेल.

मी कापडे गावचा, चौथी शिकलेला. बायको गेली आणि घरातलं पाणीही गेलं. नळाला वेळ नाही, मला ऐकू कमी. पाणी आलं की हाक ती मारायची. आता पाणी वाहून जायचं आणि मी कळशी घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभा. ते मला सोसेना.

"पाणी आलं की दिवा लागेल असं कायतरी करून द्या," मी बाईंना म्हटलं.

"करून देणार नाही. शिकवीन." त्यांनी बोटाएवढा बोर्ड पुढे ठेवला. मायक्रोकंट्रोलर. "आपण लिहू ती कामं हा ओळीने करतो. स्वतःची अक्कल नाही त्याला."

"मग आमचं जमंल."

पहिले दोन दिवस नुसता दिवा लावायचा, विझवायचा. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी बघून बाईंच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने उतरवली. ओळीच्या शेवटचं टिंब राहिलं की पडद्यावर लाल अक्षरं. "शोधा काका, मी बघणार नाही," म्हणत बाई चहा प्यायच्या. दिवा लुकलुकला तेव्हा माझे डोळे भरले. बाई मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिल्या.

घरी नळाखालच्या टोपात दोन वायरी सोडल्या. पाणी टेकलं, दिवा लागला, मी धावत हंडा लावला. हंडाभर गंजाचं लाल पाणी.

"बोर्ड खराब हाय तुमचा," मी जाऊन सुनावलं.

"त्याने सांगितलं तेच केलं. पाणी आल्यावर काकू काय करायच्या?"

"हाक मारायची."

"त्याच्या आधी?"

एवढा संसार झाला, मी कधी बघितलंच नव्हतं.

"काय नवरा होतात हो तुम्ही," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं.

शेजारणीला विचारलं. "ती लाल पाणी जाऊ द्यायची," ती म्हणाली. "तवर अंगण झाडायची. मग हंडा, मग तुमाला हाक."

मी बायकोचा झाडू घेतला, घड्याळ लावून अंगण झाडलं आणि तो वेळ बाईंना सांगितला. त्या हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. "हा आकडा कुठल्या पुस्तकात मिळाला नसता," म्हणाल्या. मलाच टाइप करायला लावला. वर दुसरा दिवाही जोडायला लावला.

त्या पाण्याचा चहा प्यायला बाई कापड्याला येणार होत्या. त्याआधीच वारल्या. मला कळलं ते बंद शटर बघून शेजारच्या दुकानात विचारलं तेव्हा. आभार मी कधी मानले नव्हते. बोलून दाखवायचं राहिलं, म्हणून हे लिहिलं.

आजही पाणी आलं की पहिला दिवा लागतो. मी झाडू उचलतो. शेवटचा कोपरा झाडून होतो, तेव्हा दुसरा लागतो.