आठशेचे चाळीस
सेलूतल्या घरी बसून मी एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळते. त्या दिवशी सकाळी दहाला कापूसविक्रीच्या टोकनांची आमची वेबसाइट उघडणार होती आणि नऊपासूनच माझा पाय एका जागी ठरत नव्हता. वालूरला माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या, झोपायच्या खोलीत कापूस पार छताला भिडला होता. त्या तंतूंनी महिनाभर तिचा खोकला हटत नव्हता. पहिल्या आठवड्यात कापूस खरेदी केंद्रावर नेण्याचं टोकन मिळालं तर खोली मोकळी होणार होती. घरातले चारही फोन घेऊन बस, असं मीच तिला सांगितलं होतं. माझा अतिशहाणपणा, दुसरं काय.

कारण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आमची माणसं. घरोघरी प्रत्येकाने तेच केलं. दहा वाजून दोन मिनिटांनी साइट सगळ्यांच्याच फोनवर नुसती गरगरायला लागली.

सर्व्हरमध्ये थ्रेड असतात. पंगतीतले वाढपी समजा. एका वेळी एक वाढपी एकाच ताटापुढे उभा. गर्दी होणार म्हणून आदल्या दिवशी मी ते दोनशेचे आठशे केले होते आणि स्वतःवरच खूश झाले होते. पण आत पळ्या वीसच, म्हणजे डेटाबेसकडे जाणाऱ्या वाटा वीस. आठशे वाढपी त्या वीस पळ्यांसाठी स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांना रेटत राहिले आणि ताटं रिकामीच.

साहेबांचा फोन आला, आणखी वाढव म्हणाले. मी चिडून म्हटलं, वाढवूनच तर ही वेळ आली. आतून मात्र पार टरकले होते. आकडा टाइप करताना दोनदा चुकला. शेवटी आठशेचे चाळीस केले, मागची रांगही छोटी ठेवली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. आता चाळिसांचं काम होणार, थोडे रांगेत थांबणार आणि उरलेल्यांना लगेच निरोप जाणार: थोड्या वेळाने प्रयत्न करा. तो निरोपही मीच लिहिलेला.

साइट पळायला लागली, टोकनं भराभर सुटली. साहेबांनी शाबासकी दिली. मी खोलीत येरझारा घालत अक्काला फोन लावत होते, तो लागत नव्हता. पाऊण तासाने तिचाच आला.

"चारी फोनवर एकच यायलंय, थोड्या वेळानं प्रयत्न करा म्हून. आता तर संपले म्हनायलंय."

मी तिला सगळं समजावत सुटले, थ्रेड, वाटा, कमी का करावे लागले. बोलता बोलता रडूच आलं. डेटाबेसमध्ये तिचं नाव घुसवणं माझ्या हातात होतं. ते मी बोलले नाही आणि तिनेही विचारलं नाही. ती दोनदा खोकली.

"म्हंजे गर्दी लय झाली म्हून दार तूच लावलंस," ती म्हणाली. "लावावंच लागत असंल. मग मला कशाला समजावायलीस? मी काय भांडायले का? पुढच्या खेपंला कवा उघडतंय तेवढं सांग. तवर मी भाईर वसरीत झोपते."

थंडीचे दिवस सुरू झाले होते. चाळीस हा आकडा बरोबरच होता. आजही मी तोच ठेवला असता. पण त्या दिवशी तो मला स्क्रीनवर बघवेना.