ग्रेसची माती

दिगंबरभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या घरातला एसी चालू होता. हे आधी सांगते, कारण इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये माझ्या एसीचं पाणी खालच्या मजल्यावर, त्यांच्या बाल्कनीत टांगलेल्या बादलीत पडायचं. ते त्यांनीच वर येऊन मागून घेतलं होतं. "ताई, वाया जातंय ते, मला द्या." मी म्हटलं, "घ्या की, मला काय त्याचं लोणचं घालायचंय?" त्या दुपारी भाऊंच्या उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपमधून फोन आला. भाऊ काम करता करता खुर्चीतच गेले होते... मी त्यांच्या बायकोला, सुलभाला, धरून बसले होते आणि बाहेर बादलीत माझंच पाणी टपटपत होतं.

त्यांची कंपनी आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी ठिबकचे संच बनवायची. उंचावर बादली, तिला नळ्या, नळ्यांना थेंब थेंब सोडणारे ड्रिपर. ना पंप, ना वीज. पाऊस बेभरवशाचा झाल्यापासून थोडक्या पाण्यात भाजी जगवायची ही युक्ती. भाऊ साताऱ्याकडचे, जिभेवर मात्र कायम इथलं अरबी, यल्ला म्हणजे चला, आणि इन्शाल्ला. पहिला संच त्यांनी झांबियात ग्रेस नावाच्या बाईच्या मळ्यात स्वतः बसवला, आणि काही आठवड्यांत तो तुंबला. इथे तपासला होता आमच्या नळाच्या पाण्यावर, समुद्राचं मीठ काढून केलेल्या काचेसारख्या पाण्यावर! तिथे नदीचं गढूळ पाणी. ग्रेसचे टोमॅटो वाळले. ती भांडली नाही. नदीकाठची लाल माती पिशवीत भरून तिने भाऊंच्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढचा संच आधी हिला दाखवा, मग मला." हे सांगताना भाऊंचा आवाज दर वेळी खाली यायचा.

परत आल्यावर भाऊंनी बाल्कनीतल्या बादलीला नवा संच जोडला. तेव्हापासून रोज पहाटे, अजान होत असताना, भाऊ बादलीत त्यातली मूठभर माती टाकायचे, सुलभाच्या रवीने घुसळायचे आणि कुंडीतल्या मिरच्यांना म्हणायचे, "यल्ला, प्या आता!" वर मला ऐकू यायचं. झोपमोड व्हायची, राग यायचा. सुलभा म्हणायची, "माझी ताकाची रवी गेली आफ्रिकेला." ग्रेसच्या पुढच्या लागवडीपर्यंत एकही ड्रिपर तुंबता कामा नये, एकाही दिवसाचा खंड पडता कामा नये, तरच नवे संच पाठवायचे, असं त्यांनी कंपनीच्या साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं. तिकडे ग्रेसने रोपं टाकलीही होती.

भाऊंचे दिवस झाल्यावर साहेब भेटायला आले. जड आवाजात म्हणाले, "भाभीजी, टेस्ट रुक गया तो खलास. अगले सीजन देखेंगे." सुलभा नुसती बाल्कनीच्या बंद दाराकडे बघत राहिली. भाऊ गेल्यापासून ते दार आपण उघडलंच नाही, असं ती मला रोज सांगायची. साहेबांना दाखवायला म्हणून मीच उघडलं... बादली लाल पाण्याने भरलेली. सगळे ड्रिपर चालू. रवी ओली.

"किसने चालू रखा?" साहेबांनी विचारलं. मी वसईची ख्रिस्ती, भुताखेतांना हसणारी, पण हात आपोआप कपाळाकडे गेला आणि मी क्रुसाची खूण केली.

त्या रात्री सुलभा मला सोडेना, म्हणून तिच्याकडेच झोपले. पहाटे अजानने जाग आली तर ती अंथरुणात नव्हती. बाल्कनीचं दार उघडं होतं. भाऊंच्या मोठ्या चपला पायांत घालून ती बादलीपाशी उभी होती, डोळे टक्क उघडे, आणि हात अगदी भाऊंसारखा, सावकाश रवी फिरवत होता. "यल्ला," ती म्हणाली, "प्या आता." आवाज तिचा होता, पण बोलण्याची ढब त्यांची. हाक मारायचं धाडस होईना. ती आत आली, दार लावलं, चपला जागेवर ठेवल्या आणि माझ्या शेजारी शांत झोपली.

सकाळी चहा करताना तिने माझा हात घट्ट धरला. "ऐकलंत ना ताई? हे आले होते." चेहरा किती दिवसांनी उजळला होता तिचा! मी म्हटलं, "हो गं, ऐकलं." दुसरं काय म्हणणार होते?

लागवडीच्या तोंडावर साहेबांनी पुन्हा येऊन एकेक ड्रिपर पाहिला. एकही तुंबलेला नव्हता. संच विमानाने गेले. काही दिवसांनी ग्रेसचा निरोप आला, शेवटच्या रोपापाशीही माती ओली आहे. सुलभा तेव्हा पोटभर रडली, मीही रडले. मग माझ्याकडे किल्ली देऊन ती गावी गेली. मातीची पिशवी अजून थोडी शिल्लक होती. मी म्हटलं, झाडांना अधूनमधून पाणी घालीन. खरं म्हणजे मी विसरूनच गेले.

परवा चहा पिताना नवऱ्याने विचारलं, "पहाटे खाली कशाला गेली होतीस?" मी म्हटलं, "मी? मी तर आत्ताच उठले." आणि कप उचलताना माझी नखं दिसली. सगळ्या नखांत लाल माती.

किल्ली घेऊन खाली गेले. बाल्कनीत उभी होते तेवढ्यात सुलभाचा गावाहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "ताई, हे येतात का हो अजून?"

मी बादलीकडे बघितलं.

"येतात गं," मी म्हटलं. "रवी ओली आहे."