अळूवरचा कडू फवारा

विश्वनाथकाका आमचे मयूर विहारच्या सोसायटीतले शेजारी. जन्मभर कृषी खात्यात पीकसंरक्षणाच्या फायली उपसल्या, पण घरच्या कुंडीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही. गच्चीवरचा अळू उत्तराकाकूंचा. गेल्या थंडीत काकू गेल्या आणि काकांचं जेवण सुटलं. त्यांची मुलगी सलोनी बंगळूरहून मला सारखी विचारते, "पद्मजा, बाबा जेवतात ना गं?" काय सांगू तिला? मी दिलेला डबा त्यांच्या फ्रिजमध्ये जसाच्या तसा सापडतो. माणूस असाच संपून जाईल, अशी मला धास्ती वाटते.

जुलैत अळूवर अळ्या पडल्या. पानांची पार चाळण झाली. माळ्याने बाजारातलं जहाल औषध आणलं, ते काकांनी परत पाठवलं. "तिच्या पानांवर हे नको," म्हणाले. मग स्वारी स्वतःच कामाला लागली. पार्कातल्या कडुलिंबाखालच्या निंबोळ्या वेचल्या, वाळवल्या, कुटून रात्रभर भिजवल्या, काकूंच्या जुन्या सुती साडीतून अर्क गाळला आणि ऊन उतरल्यावर फवारला. काकू गेल्यापासून त्यांची अशी लगबग मी पाहिलीच नव्हती. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

दुसऱ्या संध्याकाळी गच्चीवर गेले, तर अळ्या पानांवर तशाच.

"अच्छा! म्हणजे तुमचं औषधही सरकारीच निघालं," मी चिडवलं. "सगळ्या जिवंत आहेत, काका."

"हे लगेच मारत नाही गं. खाण्याची इच्छा घालवतं. पान समोर असतं, पण खाववत नाही. नुसत्या बसून राहतात, आणि मग हळूहळू..."

काका बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत राहिले. 

तेवढ्यात सलोनीचा फोन आला.

"जेवलो, बिल्कुल जेवलो," काका तिला म्हणाले. "पद्मजाने अळूवड्या केल्या होत्या."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला रागही आला आणि रडूही. त्यांनी फोन ठेवला तशी मी तरातरा पानं खुडायला वाकले. खोटं बोललात ना, मग आता खरं करून खा!

"आत्ता नको," काका म्हणाले. "कालच फवारलंय. कडू लागतील."

"मग माझ्याकडे चला. आत्ताच्या आत्ता."

निमूट आले. मी गरम वरणभात वाढला, वर तूप सोडलं आणि समोर बसले. काकांनी भात कालवला. मग कालवतच राहिले.