अनवधानाने नव्हे

आमच्या वर्तमानपत्रात कोर्टाच्या बातम्या देणाऱ्या माणसाला सगळे तारीखराव म्हणायचे. घरचा नळ गळायला लागला तरी ‘पुढच्या तारखेला बघू’ म्हणणारा गृहस्थ. नाव बायकोनंच ठेवलं, आणि ती एकदा विसरलेला डबा द्यायला ऑफिसात आली तेव्हा ते आमच्या हाती लागलं.

उंच, किंचित वाकलेले, खिशात पेनांची रांग आणि त्यातलं एकही चालू नाही. निकाल लागायच्या आधी निकाल सांगायची त्यांना खोड होती. वाईट म्हणजे तो बहुतेकदा बरोबर निघायचा. बरोबर निघण्याची सवय चष्म्यासारखी नाकावर बसते आणि मग ती आहे हेच दिसेनासं होतं.

अशातच कुलपाचा खटला आला. बसस्थानकावर आयुष्यभर गाड्यांच्या घोषणा केलेल्या एका निवृत्त बाईंनी कुलूप बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला होता. हे कुलूप किल्लीनं नव्हे, मालकाच्या आवाजानं उघडायचं. बाईंचं उघडेना. पिशवीतली भाजी सुकेपर्यंत त्या स्वतःच्याच दाराशी ‘उघड, उघड’ करत उभ्या. कंपनी म्हणाली, यंत्र चोख आहे, बाईच मुद्दाम आवाज बदलतात.

न्यायाधीशांसमोर टेबलावर कुलूप ठेवलं गेलं. व्हरांड्यात खणखणीत बोलणाऱ्या बाई कुलपापुढे आल्या, मान जराशी वळवली, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, “उघड.” कुलूप ढिम्म.

तारीखराव पहिल्या रांगेत होते. त्यांनी पाहिलं आणि ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा: ‘बाईंनी आवाज चोरला!’

मथळा गाजला. बाई दर रविवारी वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या. आता पोरं विचारू लागली, “आज कुणाचा आवाज आणलाय?” बाईंनी पुस्तक मिटलं, आणि रविवारी त्या घरीच बसू लागल्या.

निकाल मात्र बाईंच्या बाजूनं लागला. यंत्रासमोर माणूस वेगळा बोलतो, हे यंत्र विकणाऱ्याला ठाऊक हवं, असं न्यायाधीश म्हणाले.

“वरच्या कोर्टात उलटेल,” तारीखराव आमच्याकडे न बघता म्हणाले.

संध्याकाळी घरी बसून ते फोनला बातमी सांगत होते. आपण बोलायचं, फोन लिहून घेतो, अशी ती नवी सोय. ताठ बसून, एकेक शब्द सुटा करून त्यांचं चाललं होतं. कॉलेजातली मुलगी सोफ्यावर हसून लोळायला लागली.

“बाबा, कुणाशी बोलताय?”

“मशीनशी.”

“मग बहिऱ्या मंत्र्याशी बोलल्यासारखे का? आईशी तर असं कधी बोलत नाही तुम्ही.”

“तुझ्या आईला सगळं ऐकू येतं.”

“येतं,” आतून बायको म्हणाली. “नळसुद्धा.”

तारीखराव हसले, आणि मध्येच थांबले. साक्षीतलं एक वाक्य त्यांना आठवलं. आवाज नोंदवायला कंपनीचा माणूस घरी आला होता, बाई त्याच्याशी चहा पीत गप्पा मारत होत्या, आणि त्या गप्पांतलाच आवाज कुलपानं घेतला. ते वाक्य त्यांनी ऐकलं होतं आणि बिनमहत्त्वाचं म्हणून सोडून दिलं होतं. पण कुलपावरचं माइकसारखं जाळीचं भोक समोर आलं की बाईंची मान स्थानकावरच्या सवयीनं आपोआप वळायची, श्वास माइकात जाऊ नये म्हणून. त्या मुद्दाम काही करत नव्हत्या. त्या पुन्हा कामावर जात होत्या.

सकाळी संपादकबाईंनी खुलासा तयारच ठेवला होता. आमचे सगळे खुलासे ‘अनवधानाने’ या शब्दानं सुरू होतात आणि आतल्या पानावर हवामानाच्या चौकटीखाली झोपतात.

“हा शब्द काढा,” तारीखराव म्हणाले.

“अहो, तो साचा आहे. त्याच्याशिवाय खुलासा उभा राहत नाही.”

“अनवधान कसलं? पहिल्या रांगेत डोळे उघडे ठेवून बसलो होतो. पूर्ण अवधानानं चुकलो.”

“असं छापलं तर तुमच्या अंदाजांवर उद्या कोण विश्वास ठेवेल?”

“कुणीच ठेवू नये. मी सोडले अंदाज.”

“आणि हे जाणार कुठे?”

“पहिल्या पानावर. त्याच जागी, तेवढ्याच टायपात.”

संपादकबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “छापायचंय की तारीख देताय?”

“आजचीच.”

छापलं. मथळा होता: ‘मी पूर्ण अवधानाने चुकलो’. खाली पहिलंच वाक्य: ‘बाईंनी आवाज चोरला नव्हता, मी कान चोरले होते.’ ऑफिसात त्या दिवशी फोन खणखणत राहिले. लोक स्वतःचेच किस्से सांगत होते. एक जण म्हणाला, मी तर लिफ्टमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईलाही ‘धन्यवाद’ म्हणतो, आणि तेही वाकून.

रविवारी तारीखराव मुलीला घेऊन वाचनालयात गेले आणि दाराशीच रेंगाळले. बाई येतील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. सतरंजीवर पोरांची चुळबूळ चालली होती.

बाई आल्या. काखेत गोष्टीचं पुस्तक, हातात वर्तमानपत्र.

एक कार्टं लगेच म्हणालं, “आज कुणाचा आवाज?”

“आज या पेपरवाल्यांचा,” बाई म्हणाल्या, आणि स्थानकावरच्या सुरात सुरू झाल्या: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मी पूर्ण अवधानाने चुकलो...”

पोरं गडबडा लोळली. ‘कान चोरले’पाशी तर एकानं दोन्ही कान झाकून ‘चोर, चोर’ असा ओरडा केला. मुलीनं वडिलांना कोपरानं ढोसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून.

बाईंनी वर पाहिलं. “तुम्हीच ना ते? दारात काय उभे? या पुढे.”

“फार उशीर झाला, बाई.”

“उशिरा आलेल्या गाडीचीही घोषणा करायचे मी. फलाटाला लागली म्हणजे झालं.”

तारीखराव गुडघे दुमडून पोरांच्या मागे सतरंजीवर बसले. बाईंनी पेपर बाजूला ठेवला आणि पुस्तक उघडलं. समोर माइक नव्हता, तरी मान जराशी वळली. मग त्यांच्याच ते लक्षात आलं. त्या खुदकन हसल्या, सरळ पोरांकडे बघू लागल्या आणि खणखणीत आवाजात वाचू लागल्या.