हिल्डाच्या खिडकीतली जुनी काच

हिल्डा थीकरच्या खिडकीतून बघितलं की चढावरून येणारा माणूस नाचताना दिसतो. मी थट्टा करत नाही. यॉर्कशायरच्या कड्याखालचं आमचं गाव एवढंसं. बंदरावरून एकच अरुंद चढ वर येतो, तो थेट हिल्डाच्या घरासमोर. तिच्या खिडकीच्या खालच्या काचेत, डाव्या अंगाला, कधीकाळी काच घडवतानाच एक लाट राहून गेलीय. येणारा बेकरीपाशी पोचला की त्या लाटेत सापडतो, गुडघ्यात लवतो, अलगद वर उचलला जातो आणि मग पुन्हा साधा होऊन चालायला लागतो. आमचे पाद्रीसुद्धा त्यातून सुटलेले नाहीत.

हिल्डाचा नवरा रूबेन खेकड्यांचे पिंजरे टाकून रोज संध्याकाळी याच चढाने घरी यायचा. गुडघे कामातून गेलेले, तोंडात शिव्या, पण काचेत मात्र नाचत. तो बेकरीपाशी उचलला गेला की हिल्डा चहा ओतायला घ्यायची. रूबेनला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी समुद्रावरचं धुकं गल्लीत शिरायला लागलं की ती आपल्या खुर्चीत बसते आणि बेकरीकडे बघत राहते. धुक्यात चेहरा कुणाचाच कळत नाही, फक्त ते लवणं आणि उचलणं दिसतं. शेजारी, उजव्या अंगाला, हिच्या खुर्चीला टेकून, रूबेनची खुर्ची. तिच्यावर कुणी बसायचं नाही. मी शेजारीण, हक्काची, म्हणून एकदा बसले होते. एकदाच.

मग खाऱ्या वाऱ्याने खिडकीचं लाकूड कुजलं. बोट लावलं तर आत जायला लागलं. जुनी घरं जपायची म्हणून आमच्या गावात प्लास्टिकच्या खिडक्यांना बंदी आहे. दाराला रंग कुठला द्यायचा हेही कौन्सिल सांगतं, आणि त्यावरून माझी त्यांच्याशी कायम जुंपलेली असते. या वेळी मात्र मी गप्प बसले. खिडकी लाकडाचीच हवी, पूर्वीसारखी वरखाली सरकणारी हवी. काच नवी घातली तरी चालेल, असं ते म्हणाले. हिल्डाला तेच चालणार नव्हतं.

सुतार डंकन याच गल्लीत वाढलेला. तो म्हणाला, "मावशी, नवी काच घाल. वारा येणार नाही, सगळं सरळ दिसेल."

"सरळ बघून मला काय करायचंय? ती काच फुटली ना डंकन, तर या दारात पाय ठेवायचा नाहीस. नाताळचा केक बंद."

"काचेभोवतीची जुनी पुट्टी दगडासारखी झालेली असते गं. मी काय देव आहे?"

"नाहीस, ते मला तू चड्डीत होतास तेव्हापासून माहितेय."

काच काढायच्या दिवशी डंकन दिव्याच्या उबेने पुट्टी मऊ करत कणाकणाने खरवडत होता. हिल्डा स्वयंपाकघरात पाठ करून एकच कप पुसत उभी. काच सुटली, आणि अंघोळ घातलेलं बाळ न्यावं तशी डंकनने ती छातीशी धरून बाहेर नेली. मला रडूच आलं.

संध्याकाळी नव्या चौकटीत ती जुनी काच बसली. हिल्डा खुर्चीत बसली. पोस्टमन बेकरीपाशी आला आणि सरळ चालत निघून गेला. मग बेकरीवालीची मुलगी, तीही सरळ. हिल्डा पुढे झुकून बघत राहिली.

"डंकन," ती म्हणाली, "तो येत नाहीये रे."

डंकनचं तोंड उतरलं. काच काढताना बाहेरच्या बाजूला खडूची खूण करायची असते, ती त्याने केलीही होती. पण मावशीला मळकी काच कशी द्यायची, म्हणून त्याने व्हिनेगरने ती लख्ख धुतली, आणि खूणही धुतली गेली. काच उलटी बसली होती, आतली बाजू बाहेर. डाव्या अंगाची लाट उजवीकडे गेली होती.

"धुतलीस कशाला मेल्या?" मी भडकले.

"पुट्टी ओलीच आहे. आत्ता काढून फिरवतो."

"आणि फुटली तर?" हिल्डाने विचारलं.

डंकनने चौकटीकडे नेलेला हात मागे घेतला.

हिल्डा काच जवळून बघायला उठली. उठताना गुडघा लचकला, तोल गेला, आणि ती मटकन रूबेनच्या खुर्चीत बसली. आम्ही दोघं धावलो, तर तिने हात वर केला.

"थांबा."

धुकं चढावर आलं होतं. त्यातून कुणीतरी खांद्यावर खोकं घेऊन वर येत होतं. बेकरीपाशी ते लवलं आणि अलगद वर उचललं गेलं.

"इथून दिसतोय," हिल्डा म्हणाली.

डंकन हळूच म्हणाला, "फिरवू का मावशी? जपून करेन. तुझ्या खुर्चीतून दिसेल पुन्हा."

ती रूबेनच्या खुर्चीचा हात कुरवाळत होती.

"नको. इतकी वर्षं ही खुर्ची त्याच्यासाठी अडवून ठेवली. आता मी इथे बसते. तो माझ्या खुर्चीत बसेल."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उभी काय राहिलीस पोरी? चहा ओत. बेकरीपाशी आलाय."