कालवांचा खडक

मुरब्याच्या चंद्रकांताकाकीला "कालवं कुठं मिळाली?" असं विचारलं, की तिचा हात हमखास उलट दिशेला जायचा. आमच्याकडे कालवांचा खडक, म्हणजे खाडीत ही शिंपल्यातली कालवं जिथं चिकटतात ती जागा, सासू फक्त सुनेला दाखवते. टोपली घेऊन जायचं तेसुद्धा वाट वाकडी करून, ही रीतच.

गेल्या वर्षी खाडीत कुठूनतरी काळं पाणी सुटायला लागलं आणि खडकांवरची कालवं पटापट मेली. उमरोळीची हिमानी कॉलेजात शिकवते, ती मोबाइलवर नकाशा घेऊन आली. जिथं कालवं मेली तिथं बायकांनी बोट टेकवून ठिपका ठेवायचा. ठिपके जमले की पाणी कुठून येतं ते प्रदूषण खात्याच्या साहेबांना कळेल.

बायकांनी ठिपके ठेवले. खरी जागा एकीनंही सांगितली नाही! मेलेल्या कालवांचीसुद्धा लपवाछपवी! काकीनं तर ठिपका पार खाडीच्या पलीकडच्या तोंडाला नेऊन ठेवला.

साहेब आले, ठिपक्यांवर गेले, बाटल्या भरल्या. पाणी स्वच्छ. बंदरावर येऊन हसत म्हणाले, "तुमच्याच नकाशानं तुम्हाला खोटं पाडलं. आम्ही काय करणार?" माझं डोकंच फिरलं. खाडीची घाण बंदरापर्यंत मारत होती आणि हा माणूस ठिपके दाखवतोय! देवानं नाक कशाला दिलंय? आणि आमच्या या बाया! त्यांना तरी काय म्हणावं?

साहेब गाडीकडे वळले तशी काकी आडवी आली. सून रिद्धी तिचा हात ओढत होती, "आई, नको. आपली जागा सगळ्यांना कळंल."

"जागा रायलीय कुठं?" काकी कडाडली. "साहेब, खोटं आमी बोललो. पाणी खोटं बोलत नाय. चला माझ्यासंगती."

त्या दिवशी काकी सरळ वाटेनं गेली. मागे साहेब, आणि त्यांच्यामागे त्याच सगळ्या बाया. खडकावर नुसते रिकामे शिंपले होते आणि खाली काळा चिखल. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. काकीनं त्यांच्या हातातली बाटली हिसकावून स्वतः भरली.

"बघून घ्या गं! कोयत्या घेऊन या उद्या, काय गावतंय ते न्या!"

शेजारची सपना, काकीची जन्माची स्पर्धक, खाली मान घालून उभी होती. हळूच म्हणाली, "काकी, आमची पण जागा हीच. खडकाच्या त्या अंगाला."

काकीला रडू फुटलं, पण आवाज रागाचाच होता.

"मग ठेव ना ठिपका! आता कोनापासून लपवतंस?"